दगडापलीकडचा बार

पनवेलजवळ नेऱ्याच्या शेतात मी सात वर्षं बंदूक चालवली, आणि त्या सात वर्षांत माझे इतके बार चुकले की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या हातात बंदूक दिली कोणी? खरं सांगू? त्यातले निम्मे चुकलेच नव्हते. चुकले असं मी म्हणायचो. म्हणायला काय जातं, जिभेला हाड थोडंच असतं.

बंदूक अब्बांची. एकनळी, बारा बोअरची. शेती राखायचा परवाना आधी त्यांच्या नावावर होता. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा खटपटी करून तो मी माझ्या नावावर करून घेतला. मी तेव्हा नुकताच आखातातून परत आलो होतो. तिकडे अकरा वर्षं एका गोदामात मुकादमी केली, मग पनवेलच्या बाजारात नळ-पाइपांचं दुकान टाकलं आणि वर्षभरात कंटाळलो. दिवसभर गिऱ्हाइकाला एल्बो आणि टी-सॉकेट दाखवत बसायचं, त्यापेक्षा पहाटे उठून मोटारसायकलला टाच मारावी आणि डोंगराखालच्या आपल्या भातावर जाऊन बसावं, हे मला फार बरं वाटायचं. आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

कापणीच्या आधी महिनाभर रानडुकरं तिथे नुसता धुमाकूळ घालायची. एका पहाटेत अर्धा एकर भात आडवं. खायची कमी, तुडवायची जास्त. वनखात्याकडे अर्ज करून आम्ही दर वर्षी मुदतीची परवानगी काढायचो. अट साधी होती. जनावर शेताच्या हद्दीत आलं तर मारा, मेलं तर कळवा, आणि रानाच्या हद्दीत बारही काढायचा नाही आणि पायही टाकायचा नाही. हद्द कुठे लागते ते सांगायला चुना फासलेले दगड होते, आमच्या शेवटच्या बांधापासून वीस-पंचवीस पावलांवर, एका रांगेत. मधे गवताचा पट्टा. दगडांपलीकडे करवंदीच्या जाळ्या आणि मग सरळ चढ.

आता आमच्या घरात हे जनावर हराम. अम्मी होती तोवर त्याचं नावही घरात घेऊ द्यायची नाही, ‘ते काळं’ म्हणायची. मला तर त्याचा वासही सहन व्हायचा नाही. त्यामुळे झालं काय, की मारलेल्या बाराचं पुढे काय झालं याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. ज्याचं मटण आपल्या चुलीवर चढणार नाही त्याच्यामागे काटे तुडवत कोण जातो? डुक्कर शेतातून गेलं ना, मग विषय संपला. आणि ते जवळ यायच्या आधीच जावं म्हणून मी लांबून बार काढायचो. साठ पावलं, सत्तर पावलं, कधी नव्वद. बारा बोअरचे मोठे छर्रे चाळीस पावलांपुढे पांगतात, जनावर जागेवर पडत नाही, एखाद-दुसरा छर्रा अंगात घेऊन पळतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण लागला म्हटलं की शोधणं आलं, कळवणं आलं, पंचनामा आला, दुकान बंद ठेवून ऑफिसच्या खेपा आल्या. चुकला म्हटलं की मोटारसायकल चालू करून घरी.

अब्बांचं असं नव्हतं. ते मला सांगायचे, ‘‘बेटा, जनावराचा डोळा दिसला तरच घोड्याला बोट लाव.’’ आणि बार काढला की स्वतः उतरून जाऊन बघायचे. मी एकदा म्हटलं, ‘‘अब्बा, आपल्याला थोडंच खायचंय?’’ तर म्हणाले, ‘‘खाणं हराम आहे. तडफडत ठेवणं हलाल कोणी केलं?’’ मी मान हलवली आणि विसरून गेलो.

शेतावर राखणीला एक कातकरी होता. अब्बांच्या वेळेपासूनचा. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला त्यांची दहा-बारा घरांची वाडी; तो आणि त्याची बायको पावसाळ्यापासून कापणीपर्यंत आमच्याकडे, मग दिवाळीनंतर वीटभट्टीवर. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला शेट. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा असेल. अंगाने काटकुळा, बोलायला कमी. पण बार लागला की चुकला हे सांगण्यात त्याचा हात धरणारा मी बघितला नाही.

त्याची रीत ठरलेली. बार झाला की हलायचं नाही. तो विडी पेटवायचा आणि ती संपेपर्यंत मचाणावरून उतरायचा नाही, मलाही उतरू द्यायचा नाही. म्हणायचा, ‘‘लगेच मागं गेला तर जनावर लांब जाता. बसू द्या त्याला.’’ मग जनावर जिथे उभं होतं नेमक्या त्या जागी जाऊन काठी रोवायची. तिथून खाली वाकून बघत निघायचं. आधी केस. छर्रा अंगात शिरताना केस कापले जातात, ते तिथेच पडतात; केस सापडले म्हणजे लागला, वाद नाही. मग रक्त. फेस असेल तर छातीत, काळपट असेल तर काळजात, हिरवट पाणी असेल तर पोटात. पोटातला सगळ्यात वाईट, जनावर दोन-दोन दिवस मरत नाही. प्रत्येक थेंबावर तो एक पान ठेवायचा आणि पानावर खडा. वीस-तीस पानं झाली की मागे वळून बघायचा, आणि ती ओळ बघून जनावर कुठे वळणार ते सांगायचा. बार चुकलेला असेल तर तेही तितकंच शोधून सांगायचा. छर्रे मातीत कुठे घुसले ते दाखवायचा आणि म्हणायचा, ‘‘हा साफ गेला.’’ त्याला कोणाचं मन राखायचं नसायचं.

माझं आणि त्याचं इथेच वाजायचं. मी म्हणायचो चुकला, तो म्हणायचा लागला. तो पुरावा मांडायचा आणि मी घड्याळ बघायचो. शेवटी तो गप्प व्हायचा. मालक एकदा चुकला म्हणाला की चुकला, ही त्यांच्याकडची रीत. आणि दगडांपलीकडे गेलेल्या जनावराच्या मागे जायचं नाही ही खात्याची अट. दोन्ही माझ्या सोयीच्या. एकदा मात्र असा बार झाल्यावर तिसऱ्या दिवशी वरच्या ओढ्यावर कावळे गोळा झाले. मादी होती, मागची तंगडी आणि पोट सडलेलं. मामा मला म्हणाला, ‘‘शेट, ही तुमची सोमवारची.’’ एवढंच. त्यात राग नव्हता, मटण वाया गेल्याची हळहळ होती आणि आणखी काहीतरी होतं, जे मला समजून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘कशावरून? रानात काय एकटाच मी बंदूकवाला आहे?’’

आता ज्या सकाळसाठी हे सगळं लिहायला घेतलंय तिच्यावर येतो.

विमानतळ येणार, येणार म्हणून पनवेलच्या आसपास जमिनीच्या दलालांचा सुळसुळाट झाला होता, ते दिवस. दुकान धड चालत नव्हतं. आखातातल्या जुन्या साहेबाचा निरोप आला होता की पुन्हा ये, जागा आहे. पासपोर्ट नवा करायला टाकला होता, पोलिसांकडची तपासणी बाकी होती. घरात सगळे खूश. मी पण खूश. आणि भात कापणीला आलेलं.

उजाडता उजाडता आम्ही मचाणावर होतो. दव इतकं की भाताच्या लोंब्या वाकलेल्या. सहा डुकरं आली, पण आमच्या बांधावर नाही आली. दगडांपलीकडे, करवंदीच्या कडेला, जमीन उकरत राहिली. सगळ्यांत मोठा नर आडवा उभा होता. मी बंदूक उचलली तसा मामा हळूच म्हणाला, ‘‘शेट, नको. दगडाच्या पल्याड हाय. आन लांब पन हाय.’’

मला दोन्ही दिसत होतं. पण त्या आठवड्यात त्यांनी आमचा पाऊण एकर लोळवला होता आणि मला कोणी नको म्हटलेलं आवडत नाही, हा माझा जुना रोग. मी बार काढला.

आवाज डोंगरावर जाऊन परत यायच्या आत मधे एक ठप्प असा आवाज आला. ओल्या चिखलात दगड पडावा तसा. बाकीची पाच शेपट्या ताठ करून चढाला लागली. नराची पाठ वर आली, शेपटी खाली पडली, आणि तो एकटा डावीकडे वळून जाळीत शिरला. लागलेलं जनावर कळपाबरोबर जात नाही. हे मामानेच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्यामुळे त्या बाराबद्दल मला शंका नव्हती. हे नीट लिहून ठेवतो. मला माहीत होतं.

‘‘चुकला,’’ मी म्हटलं.

मामाने विडी काढली होती, ती पेटवायची राहिली. ‘‘शेट, लागलाय. पोटात लागलाय. आवाज आला नाय तुमाला?’’

‘‘चुकला म्हणतोय ना.’’

‘‘शेपूट पडला त्याचा. एकला गेला.’’

मी काडतुसाची रिकामी पुंगळी काढली, खिशात टाकली आणि जे बोललो ते आजही तोंडात कडू लागतं. म्हटलं, ‘‘तुला मटण पाहिजे म्हणून प्रत्येक बार तुला लागलेला दिसतो. हावरटपणा नुसता.’’

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याची बायको खाली बांधावर विळ्याला धार लावत होती, तिच्या कानावर गेलं. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मामा म्हणाला, ‘‘मटणाचा नाय शेट. लागलाय त्याला लागला म्हनायचा, येवढाच.’’ मी मोटारसायकलला किक मारली आणि साडेआठला दुकान उघडलं.

दुपारी फोन आला. वनखात्याच्या माणसांनी आमच्या शेताच्या वर, रानाच्या हद्दीत, एका माणसाला मेलेल्या डुकराजवळ पकडलं होतं. हातात कोयता. तो सांगत होता की हे जनावर खालच्या शेटच्या बाराने मेलंय. तुम्ही जरा ऑफिसला या.

तो का गेला असेल हे मला फोन खाली ठेवायच्या आधीच कळलं. मटणासाठी गेला असंही म्हणता येईल, आणि गेला असता तर काय बिघडलं होतं. पण मी त्याला हावरट म्हटलं होतं, त्याच्या बायकोदेखत, आणि तेही अशा गोष्टीवरून ज्यात त्याची जन्मात चूक झाली नव्हती. तो मला दाखवायला गेला होता. जनावर सापडलं की मला बोलावून छर्रा दाखवणार होता. नंतर कळलं, तो दगडांपासून निघून जाळीपर्यंत एकेका थेंबावर पान आणि पानावर खडा ठेवत गेलेला. वनरक्षकांना तो सापडला तो त्या पानांवरूनच.

दुकान ते ऑफिस पंधरा मिनिटांची वाट. त्या पंधरा मिनिटांत मी काय काय विचार केला ते सगळं सांगतो, म्हणजे कोणी मला भोळा समजायला नको. बार मीच काढला म्हटलं तर तो दगडांपलीकडे काढला हे बाहेर येणार. परवानगी रद्द, परवाना रद्द, बंदूक जमा, वर केस. केस आली की पासपोर्ट अडकला. आणि माझ्यासारख्या नावाच्या माणसावर बंदुकीची केस म्हणजे ती कागदावर कशी दिसेल आणि कुठल्या ऑफिसात कोण कशी वाचेल, हे त्या वर्षांत आमच्या मोहल्ल्यात कोणालाही विचारा. ही भीती खोटी नव्हती. पण मी ती त्या दिवशी ढालीसारखी पुढे केली हेही खोटं नाही. खरी भीती असली म्हणून तिच्या आड केलेलं काम चांगलं होत नाही.

मामा व्हरांड्यात जमिनीवर बसला होता. मला बघून त्याचा चेहरा एकदम सैल पडला. आला शेट, आता मिटलं, असं. तो उठायला लागला तर शेजारच्याने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

साहेब तरुण होता, बोलायला नीट. त्याने खुर्ची दिली. विचारलं, ‘‘सकाळी बार काढला होतात?’’

‘‘काढला होता. शेताच्या हद्दीत. हुसकावायला.’’

‘‘लागला होता?’’

दार उघडं होतं. मामा तिथून तीन हातांवर. मी म्हटलं, ‘‘नाही. चुकला.’’

‘‘नक्की?’’

‘‘लांब होता साहेब. साफ चुकला.’’

साहेबाने आवाज चढवून बाहेर विचारलं, ‘‘ऐकलंस काय रे? शेट म्हणतात बार चुकला. मग हे कशाने मेलं? कोणाची ठासणीची बंदूक घेतली होतीस?’’

मामा माझ्याकडे बघत राहिला. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होतो. मग तो म्हणाला, आणि साहेबाला नाही, मलाच समजावत असल्यासारखं म्हणाला, ‘‘शेटला कळला नसल. लांब व्हता ना. लांबचा कळत नाय त्यांना.’’

आणि मी ती फट धरली. म्हटलं, ‘‘हो, मला तर चुकलाच वाटला.’’ साहेबाने तेवढंच लिहिलं, ‘बार चुकला.’ मी खाली सही केली. मराठीत, पूर्ण नावाने, नीट वळणदार.

संध्याकाळी अब्बांनी विचारलं. त्यांच्या कानावर आलं होतं. ते बाजेवर बसले होते, थरथरणारा हात डाव्या हाताने धरून. ‘‘बार लागला होता का?’’ मी म्हटलं, ‘‘चुकला होता, अब्बा.’’ ते म्हणाले, ‘‘तो कातकरी माझ्याबरोबर चौदा वर्षं होता. बार लागला नसताना लागला असं एकदाही म्हणाला नाही.’’ मी म्हटलं, या वेळी म्हणाला असेल. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून पाण्याचा गिलाससुद्धा मागून घेतला नाही. लागलं तर माझ्या बायकोला हाक मारायचे.

मामावर शिकारीची केस लागली, आणि त्याला जामीन द्यायला कोणी उभं राहिलं नाही. वाडीतल्या कोणाकडे सातबारा होता जामीन राहायला? माझ्याकडे होता. मी उभा राहिलो नाही, कारण मग लोक विचारतील, हा का राहतोय. दोन महिने आत गेले त्याचे. मग कोणा संस्थेने सोडवला, आणि तारखा सुरू झाल्या. मी तोवर आखातात पोचलो होतो. पासपोर्ट वेळेवर आला, तपासणीत माझ्याबद्दल वाईट काहीच निघालं नाही. स्वच्छ माणूस.

तिकडे मला झोप लागत नव्हती वगैरे मी लिहिणार नाही. लागायची. कामाने थकलं की लागते. पण दुपारच्या सुट्टीत गोदामाच्या सावलीत बसलं की एकच गोष्ट डोक्यात यायची, आणि ती म्हणजे त्या साहेबाचं ‘नक्की?’. त्याने विचारलं होतं. मला दोन संधी मिळाल्या होत्या, आणि दुसऱ्या वेळी मी ‘साफ’ हा शब्द माझ्या पदरचा घातला होता. त्याची काही गरज नव्हती.

अब्बा मी तिकडे असतानाच गेले. पाच वर्षांनी मी कायमचा परत आलो. बंदूक पोलिसांत जमा करून टाकली, शेत खंडाने दिलं. मामा कुठे असतो ते विचारलं तर समजलं की भट्टीवर असतो, तारखेला पनवेलला येतो. केस अजून चालूच होती. म्हटलं, आता तरी. आता मला कोणाची भीती नव्हती. पासपोर्टची गरज संपली होती, परवाना नव्हता, अब्बा नव्हते. लोक म्हणतात खरं बोलायला हिंमत लागते. मला तर सगळं गमवायची भीती संपल्यावर बोलायला सुचलं, त्याला हिंमत म्हणत नाहीत.

तारखेच्या दिवशी दुपारी मी त्याला एसटी स्टँडवर गाठलं. बायको बरोबर होती. दोघं फलाटाच्या कट्ट्यावर बसली होती, मधे कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. तो म्हातारा झाला होता. मला ओळखून तो उभा राहिला. हसला सुद्धा.

‘‘शेट, कवा आले? बरा हाय ना? मोठा शेट गेला म्हनं. लय वाईट झाला.’’

मी त्यांच्याजवळ बसलो. त्याने माझ्या पोरांची चौकशी केली. मग बायकोकडे वळून म्हणाला, ‘‘बघ, आला का नाय शेट?’’ तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मग त्याने आपणहूनच विषय काढला, आणि माझी समजूत घातल्यासारखा काढला. म्हणाला, ‘‘तुमी मनाला लावून घेऊ नका. समदी बोलली मला. ती संस्थेची बाई पन बोलली, लिहून दे, शेट खोटा बोलला, मंग वकील छर्रा तपासायला लावल, तू सुटशील. मी नाय दिला लिहून. मी बोललो, शेट खोटा कसा? त्याला म्हाईतच नाय. लांबचा कळत नाय त्याला. ज्याला म्हाईत नाय त्याच्यावर खोट्याचा आळ कसा घालू? ही रोज भांडायची माज्यासंगती.’’

त्या क्षणी मी गप्प बसू शकलो असतो. मी आयुष्यभर नको तिथे बोललो आणि हवं तिथे मूग गिळले, आणि नेमकं त्या दिवशी उलटं केलं. छातीवर इतकी वर्षं बसलेलं होतं ते उतरवायची मला घाई झाली होती. समोरच्याला ते हवंय का, हे मी विचारलंच नाही.

मी म्हटलं, ‘‘मामा, बार लागला होता. मला माहीत होतं.’’

त्याला आधी नीट समजलं नाही. म्हणाला, ‘‘हां, नंतर कळलाच असल.’’

‘‘नंतर नाही. तेव्हाच. मी आवाज ऐकला होता. शेपूट पडलेलं बघितलं होतं. ऑफिसात बसलो होतो तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोललो. तू सांग, मी आज वकिलाकडे येतो, लिहून देतो, काय व्हायचं ते होऊ दे.’’

तो माझ्याकडे बघत राहिला. ऑफिसात बघत होता तसा नाही. तेव्हा तो माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होता. आता शोधत नव्हता.

बायको पहिल्यांदा बोलली. माझ्याशी नाही, त्याच्याशी. ‘‘दोन म्हयने आत बसलास. पाच वरसं फेऱ्या मारतोस. मी काय सांगत व्हते?’’

‘‘गप,’’ तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. मग त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला म्हणाला, ‘‘वकिलाकडं नको. तो बोलला, पुढच्या तारखंला सुटतो तू. कुनी साक्षीला येत नाय.’’

‘‘मग मी काय करू? सांग तू.’’

‘‘आता काय करशाल,’’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, ‘‘तुमी नव्हता सांगायला पायजे, शेट. मी समद्या वाडीला सांगितला व्हता, शेटची चूक झाली, शेट खोटा नाय. पोरांना पन तेच सांगितला. तेवढ्यावर मी आत बसलो व्हतो.’’

मी माफ कर म्हटलं. त्याचे पाय धरायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतले, आणि नेऱ्याची गाडी लागली होती तिकडे दोघं चालायला लागली. ती पुढे, तो मागे. त्याने मागे वळून बघितलं नाही आणि माझी हाक मारायची हिंमत झाली नाही.